पिवळ्या वाटाण्याच्या गावात

अमेरिकेहून आलेली माणसं फोटो दाखवतात ते धबधब्याचे, नाहीतर मशाल धरून उभ्या असलेल्या त्या बाईच्या पुतळ्याचे. माझ्या फोनमध्ये लोखंडी कोठ्यांचे फोटो आहेत आणि त्यांत गच्च भरलेल्या पिवळ्या वाटाण्याचे. शेजारच्या कुंदाताईंनी ते बघितले आणि म्हणाल्या, "एवढी लांब गेलीस आणि वाटाणे बघून आलीस?" दारात उभ्या उभ्या सांगता आलं तेवढं त्यांना सांगितलं. राहिलेलं इथे लिहिते आहे.

आधी माझं आणि पिवळ्या वाटाण्याचं वैर सांगायला हवं. आम्ही अकोल्याजवळच्या एका गावात राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. आमचे हे शेती बघतात. रब्बीत आमचा सगळा भरवसा हरभऱ्यावर. आणि परदेशातून पिवळा वाटाणा बिनशुल्क आला की हरभऱ्याचा भाव पडतो, कारण बेसनात वाटाण्याचं पीठ सहज खपून जातं. खाणाऱ्याला कळत नाही. मला कळतं. बेसनाचा पुडा आणला की मी आधी चिमूटभर जिभेवर ठेवते आणि संशय आला तर परत नेऊन देते. आमच्या गल्लीतला दुकानदार मला लांबून पाहिलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंग होतो.

यंदा तर घरात निराळाच पेच होता. हरभरा पेरायचा की त्याचा नाद सोडून गहू करायचा? वाटाण्यावर सरकार शुल्क लावणार, नाही लावणार, अमेरिकेशी बोलणी चालली आहेत, अशा बातम्या रोज. बियाणं घरात येऊन पडलेलं आणि हे रोज संध्याकाळी टीव्हीसमोर. अशा वेळी मी त्यांना सोडून मुलीकडे गेले, याबद्दल त्यांनी मला विमानतळावरही एकदा टोकलं.

कॅरी

नेहा, माझी मुलगी, नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला असते. तिची कंपनी धान्याच्या कोठ्यांत बसवायची यंत्रं करते. आत धान्यानं ऊब धरली की शेतकऱ्याला फोनवर समजतं. दिवाळी तिच्याकडे झाली. फराळाचे डबे अजून अर्धे भरलेले होते, तेवढ्यात तिला कामासाठी मोंटानाला जायचं निघालं.

"आई, तूही चल ना. इथे एकटी बसून काय करणार? डेल आणि मार्था म्हणून एक कपल आहे, माझे सगळ्यात स्वीट कस्टमर. मी हॉटेल बुक केलं होतं, त्यांनी ते कॅन्सल करायला लावलं. घरीच या म्हणतात."

"काय पिकवतात?"

"गहू. आणि..." नेहा जरा थांबली. "यलो पीज."

"विकतात कुठे?"

"इंडियाला. म्हणजे, आपण घेतो तेव्हा. आई, प्लीज, तिथे भांडू नकोस हं. माझं ऑफिसचं काम आहे यार."

भांडणार नाही असं मी कबूल केलं, पण मनातल्या मनात वाक्यं जुळवायला घेतली, तीही इंग्रजीत. दुसऱ्या बाजूनं एका डब्यात लाडू, एकात चिवडा आणि चकल्या भरल्या. वैऱ्याच्या घरी जायचं झालं तरी दिवाळीत रिकाम्या हातानं कसं जाणार?

डेलची गाडी

डेल आम्हाला घ्यायला आला होता. सत्तरीचा, उंच, डोक्यावर मळकी टोपी आणि हात फावड्यासारखे. "सुमन," म्हणून त्यानं हात पुढे केला. घरी मला कोणी नावानं हाक मारत नाही. मी बाई आहे, काकू आहे, नेहाची आई आहे. वडील गेल्यापासून पुरुषाच्या तोंडून नुसतं "सुमन" ऐकल्याचं आठवत नव्हतं. राग यायला हवा होता, पण बरं वाटलं.

विमानतळापासून गाव काही तासांवर. ते तास मला कमी पडले. एवढं आभाळ मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बांध नाही, झाड नाही, माणूस नाही; कापलेल्या पिकाचे पिवळट पट्टे आणि मधूनच नुकता उगवलेला हिरवा गहू, पार क्षितिजापर्यंत. समोरून गाडी आली की डेल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा आणि समोरचाही उचलायचा.

"सगळे ओळखीचे आहेत?" मी विचारलं.

"अजून नाहीत," डेल म्हणाला.

मला तो माणूस आवडायला लागला होता, म्हणून मग मी आपल्याकडे पाहुण्यानं शेतकऱ्याला पहिल्यांदा विचारायचा प्रश्न विचारला. "किती एकर आहे तुमची?"

मागच्या सीटवरून नेहानं माझ्या खांद्याला चिमटा काढला. डेल रस्त्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हातांना काम पुरेल एवढी आहे."

पेट्रोलसाठी थांबलो तेव्हा नेहानं मला बाजूला घेतलं. "आई, इथे एकर विचारणं म्हणजे बँक बॅलन्स विचारणं आहे. कोणी विचारत नाही. मला तीन वर्षांत कळलेलं नाहीये."

मी ओशाळले. आमच्याकडे सोयरिकीची बैठकसुद्धा याच प्रश्नानं सुरू होते. न विचारता माणूस समजणार कसा? पण पुढे चार दिवस मी पाहिलं, तिथे कोण मोठा शेतकरी आणि कोण लहान हे कपड्यांवरून कळत नाही, गाडीवरून कळत नाही, बोलण्यावरून तर नाहीच. ही रीत मला फार आवडली.

घर आणि दगड

मार्थाच्या घराला कुलूप लावत नाहीत. गाडीची किल्ली गाडीतच. "कोणी गाडी नेली तर?" असं मी विचारलं, म्हणजे चोराबद्दल. तिला वाटलं शेजाऱ्याबद्दल. "म्हणूनच तर आत ठेवतो," ती म्हणाली. पुढे मी तो विषय वाढवला नाही.

स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर नातवंडांच्या फोटोंशेजारी भारताचा नकाशा चिकटवलेला होता. त्यावर पेन्सिलीनं गोल काढलेले. जवळ जाऊन पाहिलं तर एका गोलात आमचा विदर्भ.

"पाऊस," डेलनं सांगितलं. "तुमच्याकडे पाऊस चांगला झाला की तुमचा हरभरा चांगला, आणि मग आमचा वाटाणा कोणी विचारत नाही. जूनपासून बघतो. यंदा तुमच्याकडे लांबला ना?"

माझ्या गावावर ढग आला की नाही, हे मोंटानातला एक म्हातारा चहाच्या, म्हणजे कॉफीच्या, कपाबरोबर रोज बघत होता. मनात जुळवलेल्या वाक्यांपैकी पहिली दोन-तीन तिथेच गळली.

दुसऱ्या दिवशी नेहा कोठ्यांवर चढून तिची यंत्रं तपासत होती आणि मार्थानं मला शेत दाखवलं. शेताच्या कडेला जागोजागी दगडांचे ढीग होते, काही माझ्या डोक्याएवढ्या उंचीचे. थंडीत जमीन गोठते आणि खालचे दगड दर वर्षी वर येतात. वाटाण्याचा वेल जमिनीलगत लोळतो, कापणी अगदी खालून करायची, म्हणून दगड राहून चालत नाही. "लग्न झाल्यापासून वेचते आहे," मार्था म्हणाली. "माझ्या सासूबाईही वेचायच्या. या ढिगाचा खालचा अर्धा त्यांचा." हीच बाई हंगामात घराएवढं कापणीयंत्र चालवते. आम्ही तूर कापणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायका, आमची कंबर या बाबतीत कोणाला हार जायची नाही असं मला वाटायचं. तो ढीग बघून मी तिचा हात हातात घेतला. तळवा अगदी आमच्यासारखाच होता.

कॉफीचं टेबल

गावात धान्याच्या गुदामासमोर एक छोटं हॉटेल आहे. सकाळी तिथे एका लांब टेबलाभोवती शेतकरी जमतात. कॉफीचे पैसे कोणी द्यायचे हे फासे टाकून ठरतं. चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवायचे, ज्याचे वाईट पडतील त्यानं सगळ्यांचे द्यायचे. शेअर बाजार, हवामान आणि दिल्ली, हे तिथले तीन विषय. दिल्ली म्हणजे आपली दिल्ली.

"अमक्या महिन्यात करार होतो म्हणाले होते," एक जण म्हणाला.

"आधीच्या महिन्यातही तेच म्हणाले होते."

रॉय नावाचा एक लालबुंद चेहऱ्याचा माणूस जरा चिडका होता. "मला सरकारचा मदतीचा चेक नकोय," तो म्हणाला. "माल पिकवलाय, मला गिऱ्हाईक पाहिजे. तुमच्या देशाचं दार एक वर्ष उघडं, एक वर्ष बंद. तुमच्या लोकांना स्वस्त खायला मिळतंय तर का अडवतात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नेहानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मी सरळ बसले आणि म्हणाले, "कारण खाणारे लोक आहेत तसे पिकवणारेही आहेत. आमची अकरा एकर आहे."

"अकराशे?" कोणीतरी विचारलं.

"अकरा."

रॉयनं टोपी काढली, टक्कल खाजवलं आणि परत घातली. "अकरा एकरांवर घर चालतं?"

"मुलगी शिकली," मी नेहाकडे बोट दाखवलं. "तुमच्या कोठ्या तीच बघते."

त्यावर रॉयच आधी हसला. मग त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की माझी कॉफी गार झाली. पेरतो कसं, हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं काय करतो, बैल अजून आहेत का. एकानंही कीव केली नाही. मोठ्या शेतकऱ्यानं लहान शेतकऱ्याला असं विचारताना मी आमच्याकडेही फारसं पाहिलेलं नाही.

परत येताना डेलनं मला त्याची कोठी दाखवली. ऑगस्टमधला सगळा वाटाणा त्यानं राखून ठेवला होता, बोलणी पूर्ण होतील या आशेवर. येत्या वसंतात वाटाणा पेरायचा की सगळा गहू, हेही त्यावरच ठरणार होतं. "इंडियानं नाही घेतला तर?" मी विचारलं.

"मग कुत्रे," डेल म्हणाला. तिथे वाटाणा कुत्र्यांच्या खाण्याच्या कारखान्यात जातो, पण भाव तिथे कुत्र्याच्या लायकीचाच मिळतो.

मार्थाचं स्वयंपाकघर

संध्याकाळचं जेवण मी करणार असं ठरलं होतं. पिठलं. कॅरीहून बेसन आणायचं मी विसरले होते. मी तसं सांगितलं तर मार्था हसतच तळघरात गेली आणि पातेलंभर पीठ घेऊन वर आली. तिच्याकडे गहू दळायची घरगुती चक्की आहे. नेहानं तिला पिठल्याचं आधीच सांगून ठेवलं होतं आणि तिनं सकाळीच पीठ दळून ठेवलं होतं, त्यांच्या कोठीतल्या वाटाण्याचं.

"सेम आहे ना?" तिनं विचारलं.

मी सवयीनं चिमूट जिभेवर ठेवली. गोडसर, हिरवट वास. जन्मभर ज्याच्यामुळे पुडे परत केले ते हेच. इतकं शुद्ध तर मला आयुष्यात मिळालं नव्हतं. नेहा ओट्याला टेकून माझ्या तोंडाकडे बघत होती. "आई," ती हळूच म्हणाली, "जस्ट से यस."

"सेम नाही," मी मार्थाला म्हणाले, "पण होईल."

फोडणीत लसूण आणि मिरची जरा वाढवली. पिठलं अंमळ चिकट झालं, पण झालं. भाकरीच्या जागी दुकानातल्या मक्याच्या पोळ्या. डेलनं पहिला घास सावकाश चावला आणि ताटातल्या पिठल्याकडे बघितलं. मला वाटलं तिखट लागलं. मग म्हणाला, "इतकी वर्षं पेरतोय. आज पहिल्यांदा खाल्ला." दोनदा वाढून घेतलं त्यानं. जेवण झाल्यावर भांडी त्यानंच घासली, जशी रोज घासायचा. आमच्या ह्यांना मी हे फोनवर मुद्दाम सांगितलं. तिकडून फक्त "बरं" आलं.

सकाळ

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसलो होतो. डेलसमोर अंडी, माझ्यासमोर टोस्ट आणि टेबलाच्या मधोमध फराळाचा डबा. फोन वाजला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

"लागलं," हे ओरडूनच बोलत होते. "वाटाण्यावर तीस टक्के शुल्क लागलं. आत्ता बातम्यांत सांगितलं. उद्या हरभरा पेरायला घेतो. ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

नेहाला सगळं समजलं होतं. तिनं मान खाली घातली. डेल आणि मार्थाला मराठी कळत नव्हतं. ती दोघं माझ्याकडे हसून बघत होती, घरून फोन आला की पाहुण्याकडे बघतात तसं. मला आनंद झाला होता आणि त्याची लाज वाटत नव्हती. पण तो आनंद त्या टेबलावर कुठे ठेवायचा ते कळेना. गप्प बसता आलं असतं. घटकाभरात डेल त्या हॉटेलात गेला असता आणि रॉयकडून त्याला कळलं असतं. पण मी त्याच्या घरी जेवले होते.

"डेल," मी म्हणाले. त्याला असं नावानं हाक मारायची माझी ती पहिलीच वेळ. "दिल्लीहून बातमी आहे. वाटाण्यावर शुल्क लावलं."

त्यानं काटा खाली ठेवला. किती ते विचारलं, मी सांगितलं. मार्थानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग मला विचारलं, "तुमच्या घरी हे चांगलं झालं ना?"

"हो."

"काय करणार आता?"

"उद्या हरभरा पेरणार आहेत."

त्यानं टेबलावरून तो मोठा हात पुढे केला. "त्यांना माझ्याकडून शुभेच्छा सांगा," म्हणाला. "कोणाचं तरी भलं झालं." माझा हात धरून त्यानं एकदा हलवला, टोपी उचलली आणि बाहेर कोठ्यांकडे गेला.

"जाऊ दे त्याला," मार्था म्हणाली. तिनं कॉफी ओतली आणि डब्यातला एक लाडू घेतला. "मी ऑगस्टमध्येच विकू म्हणत होते. तो म्हणाला, थांबू." ती तेवढंच बोलली, पुन्हा तिनं त्याचा उल्लेखही केला नाही. आमच्या घरी एवढ्यावरून निदान महिनाभर तरी बोलणं झालं असतं.

तासाभरानं डेल परत आला आणि म्हणाला, कॉफीला चला. मी जायला तयार नव्हते. त्या टेबलावर आज माझ्या तोंडाकडे कोण बघणार? त्यानं ऐकलं नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा सगळ्यांना कळलेलं होतं. रॉय फाशांचा पेला हातात घेऊन बसला होता आणि चेहरा नेहमीपेक्षा लाल होता. डेलनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

"आज फासे नकोत," तो म्हणाला. "या टेबलावर एकीच्या घरी चांगली बातमी आहे. कॉफी माझ्याकडून."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. रॉय सरकला आणि त्यानं मला जागा करून दिली. मग पुष्कळ वेळानं, साखर पुढे करत, त्यानं घाटेअळीचं औषध कोणतं ते परत विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भांडायला म्हणून गेलेली मी, आणि तिथे भांडायला माणूसच मिळेना.

परत

निघताना मार्थानं माझ्या रिकाम्या डब्यात वाटाण्याचं पीठ भरून दिलं. विमानतळापर्यंत डेलनंच सोडलं. नेहा मागे झोपली होती. गहू, आभाळ, एक-एक बोट उचलणाऱ्या गाड्या. बऱ्याच वेळानं, रस्त्यावरची नजर न काढता, डेलनं एक आकडा सांगितला.

मला आधी कळलंच नाही कशाचा.

"पहिल्या दिवशी विचारलं होतंत," तो म्हणाला. "त्यातली निम्मी वाटाण्याखाली असायची. येत्या वर्षी थोडीच ठेवीन. वाटाण्यानंतरचा गहू चांगला येतो, जमिनीसाठी पेरायचा. बाकी सगळा गहू." मग तो म्हणाला, "हे कर खात्याला माहीत आहे आणि मार्थाला."

आभार मानायची ती गोष्ट नव्हती. मी माझं बोट उचललं, जरासं, मांडीवरून. त्यानं ते पाहिलं आणि स्टिअरिंगवरचं त्याचं उचललं.

महिनाभरानं अकोल्याला उतरले तेव्हा शेतात हरभरा चांगला वीतभर झाला होता. हे मला न्यायला आले होते. बॅगा ठेवून झाल्या, गाडी गावाच्या रस्त्याला लागली आणि यांनी विचारलं, "काय गं, किती एकर होती त्या माणसाची?"

मी खिडकीबाहेर आमचा हरभरा बघत होते.

"हातांना काम पुरेल एवढी," मी म्हणाले.